खाडीच्या मुखातून छोटी होडी समुद्रात नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासेमारीच्या अख्ख्या फेरीत खाडीचं मुख ओलांडायला फार तर दहा-पंधरा मिनिटं लागतात. पण माझ्या मते तीच सगळ्यात धोक्याची मिनिटं असतात, आणि नवीन तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात तेही याच मिनिटांबद्दल. खालची उत्तरं पाच ते आठ मीटर लांबीच्या, उघड्या किंवा अर्ध्या झाकलेल्या, आऊटबोर्ड (मागे बाहेर लावलेल्या) किंवा लहान इनबोर्ड (आत बसवलेल्या) इंजिनाच्या होडीसाठी आहेत. मोठ्या ट्रॉलरचं गणित वेगळं असतं.

खाडीत पाणी संथ, बाहेर समुद्रही बरा दिसतो. मग मुखावरच लाटा का फुटतात?

कारण तिथे तळाला वाळूचा दांडा असतो. नदी वाळू आणि गाळ बाहेर लोटते, लाटा तो परत आत ढकलतात, आणि दोघांचा जोर जिथे सारखा होतो तिथे वाळू बसते. खोल पाण्यातून येणारी लाट या उथळ जागी तळाला लागते. तिचा पाय अडखळतो, पाठून येणारं पाणी तिच्यावर चढतं, ती आखूड आणि उंच होते आणि कोसळते. ढोबळ हिशोब असा की लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊण पटीपेक्षा थोडी जास्त झाली की लाट फुटते. म्हणजे एक मीटरची लाट साधारण सव्वा मीटर पाण्यात फुटेल आणि दीड मीटरची लाट दोन मीटरच्या आसपास. एकाच दिवशी एकच लाट भरतीला दांड्यावरून गुपचूप निघून जाते आणि ओहोटीला त्याच जागी पांढरी होऊन आदळते, ती यामुळेच.

त्यात ओहोटीचा प्रवाह समोरून आला की लाट आणखी उभी राहते. खाडीचं पाणी बाहेर धावतंय, लाट आत येतेय, दोघं समोरासमोर भिडतात. लाटांमधलं अंतर कमी होतं आणि उतार भिंतीसारखा होतो. अशा वेळी वर दिलेला हिशोबही पुरत नाही, लाट त्याच्या आधीच फुटते. समुद्राकडून वारा वाहत असेल तर अजून वाईट.

हवामानाच्या अंदाजात लाटांची उंची कमी दाखवली आहे. तेवढं पुरेसं नाही का?

नाही. उंचीच्या शेजारी सेकंदांचा आकडा असतो, तोही वाचा. दोन लाटांच्या माथ्यांमध्ये किती वेळ जातो ते त्यातून कळतं. पाच सेकंदांची लाट खोल पाण्यात साधारण 39 मीटर लांब असते, बारा सेकंदांची जवळजवळ 225 मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीत आली की लाटेला तळ जाणवायला लागतो. म्हणजे आखूड लाटेला वीसेक मीटरवर, तर लांब लाटेला शंभर मीटरहून जास्त खोलीवर. लांब लाट बाहेर सपाट दिसते, होडी तिच्यावर नुसती हळूच वरखाली होते, आणि दांड्यावर येताच तीच लाट डोकं वर काढते. दूरच्या वादळातून आलेली अशी लाट इथे वारा पडलेला असतानाही येते. म्हणून निवांत, बिनवाऱ्याच्या सकाळी मी उलट जास्त सावध असतो.

अंदाजातली उंची ही सगळ्यात मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. त्या दिवसभरात एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पटही येऊ शकते, आणि ती नेमकी तुम्ही मुखात असताना येणार नाही असं कुठेही लिहिलेलं नसतं.

मग कोणत्या वेळी निघावं?

भरतीच्या शेवटच्या तासा-दीड तासात, पाणी अजून चढत असताना. याची तीन कारणं. दांड्यावर खोली जास्त असते. प्रवाह लाटेच्याच दिशेने असल्याने लाटा पसरट राहतात. आणि तिसरं कारण लोक विसरतात: चढत्या पाण्यात होडी वाळूला टेकली तर थोड्या वेळात पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली तर ती तिथेच बसते आणि लाटा तिच्यावर फुटत राहतात.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे ओहोटीचा मधला काळ. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. ढोबळमानाने पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी बाहेर पडतं. तीन मीटरची ओहोटी असेल तर दीड मीटर पाणी या दोन तासांत जातं, आणि तेही एका अरुंद तोंडातून. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात हा जोर जास्त असतो, अष्टमीच्या सुमाराच्या भांगात कमी.

भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून निघालं की झालं ना?

कोष्टकात पाण्याची उंची कधी पूर्ण होते ते दिलेलं असतं. प्रवाह कधी थांबतो ते दिलेलं नसतं. या दोन वेळा एक नाहीत. काही खाड्यांत पाणी पूर्ण चढल्यावरही आत ओढ चालू राहते, आणि कोष्टकातली ओहोटी संपल्यावरही बराच वेळ पाणी बाहेर जात राहतं. नदीला वरून पावसाचं पाणी आलं असेल तर ओहोटी लांबते आणि तिचा जोर वाढतो. पुराच्या दिवसांत तर भरतीतही वरचं पाणी बाहेर धावताना दिसतं. म्हणून कोष्टक घरून बघा आणि प्रवाह जागेवर बघा. बोयाच्या, म्हणजे वाट दाखवायला नांगरलेल्या तरंगत्या खुणेच्या, कडेने पाणी कुठल्या बाजूला फुटतंय, नांगरलेल्या होड्यांची तोंडं कुठे आहेत, तरंगता पाला कुठे चाललाय, यावरून लगेच कळतं.

काठावरून नेमकं काय पाहायचं?

वीस मिनिटं पाहायचं. पाच नाही, वीस. मी होडी आतल्या शांत पाण्यात ठेवतो, जिथून मुख सरळ दिसेल अशा उंच जागी चढतो आणि लाटा मोजतो. पहिली काही मिनिटं सगळं एकसारखंच वाटतं. मग लक्षात येतं की मोठ्या लाटा एकेकट्या येत नाहीत, घोळक्याने येतात: तीन, पाच, कधी सात. त्या गेल्या की पाणी थोडं निवतं. ती उसंत किती सेकंदांची, हे घड्याळ लावून मोजा. दोन मोठे घोळके पाहिल्याशिवाय अंदाज बांधू नका. पहिल्या पाच मिनिटांत दिसलेली शांतता ही नुसती उसंत असू शकते.

त्याबरोबर वाट शोधायची. जिथे पांढरा फेस सतत उठतोय तिथे वाळू वर आहे. जिथे लाटा उशिरा फुटतात किंवा फुटतच नाहीत आणि पाणी गडद दिसतं, तिथे खोली आहे. ती वाट सरळ असेलच असं नाही, बरेचदा ती एका बाजूला वळून बाहेर पडते. काठावरची दोन ठळक चिन्हं एका रेषेत धरून ती वाट डोक्यात पक्की करा, कारण होडीत बसल्यावर डोळे पाण्याच्या पातळीला येतात आणि हे चित्र दिसत नाही. त्याच मुखातून रोज जाणारा कुणी भेटला तर त्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि पूर्ण वीस मिनिटांत वाटेवरही लाटा आरपार, या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटत असतील, तर उत्तर मिळालेलं आहे. त्या भरतीला जायचं नाही.

होडीत काय तयारी करावी?

सगळं बांधा. जाळी, दोर, बर्फाची पेटी, डिझेलचे कॅन, एकूण एक. सुटं जाळं पाण्यात गेलं की ते पंख्यातच अडकतं. तळाची बुचं घट्ट आहेत ना ते हात लावून बघा. पाणी बाहेर जाण्याची भोकं मोकळी ठेवा. बालदी दोरीने बांधून हाताशी ठेवा, पंप असला तरीही.

वजनाकडे विशेष लक्ष द्या. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेवर उचललं गेलं पाहिजे, म्हणून जड सामान पुढे रचू नका. माणसं खाली, मधोमध बसतील. उभं कुणी राहायचं असेल तर फक्त सुकाणूवरचा माणूस. होडीत शिरलेलं पाणी किती जड असतं याची कल्पना नसते म्हणून सांगतो: पाच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद जागेत वीतभर, वीसेक सेंटिमीटर पाणी साचलं तर ते दीड टन होतं. आणि ते एका जागी राहत नाही. होडी कलली की ते त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं.

इंजिन आधी दहा मिनिटं चालवून गरम करा, पुढे-मागे गिअर टाकून बघा. आऊटबोर्डला बंद करणाऱ्या स्विचची दोरी सुकाणूवरच्या माणसाच्या अंगाला अडकवलेली हवी. तो पाण्यात पडला तर पंखा तिथल्या तिथे थांबतो.

लाइफजॅकेट होडीत ठेवलेलं चालेल का?

नाही. अंगात हवं, पट्टे आवळलेले, मुखाच्या आत असतानाच. लाट होडी पालथी करते तेव्हा जॅकेट शोधायला वेळ मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये असे दांडे ओलांडताना प्रत्येकाने जॅकेट घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे. कायदा असो नसो, माझ्या होडीत जॅकेटशिवाय कुणी मुख ओलांडत नाही, पट्टीचा पोहणाराही नाही.

प्रत्यक्ष बाहेर कसं पडायचं?

मुखाच्या आतल्या कडेला, लाटा फुटतात त्याच्या अलीकडे, नाळ समुद्राकडे करून थांबा. घोळक्यातली शेवटची मोठी लाट फुटली की तिच्या मागच्या पाण्यात शिरा. उसंत सुरू झाली आहे, ती वाया घालवू नका, पण इंजिन पिळूनही पळू नका.

समोर आलेल्या लाटेला नाळ द्या, अगदी सरळ किंवा जरा तिरकी. लाटेच्या पायथ्याशी असताना वर चढण्याइतका जोर हवा, माथ्याजवळ येताच थ्रॉटल कमी करायचा. तो कमी केला नाही तर होडी माथ्यावरून हवेत जाते आणि पलीकडच्या खड्ड्यात आपटते. फळ्या सुटतात, माणसांची कंबर जाते, पंखा पाण्याबाहेर येऊन इंजिन किंचाळतं. माथा ओलांडला की परत जोर, पुढच्या लाटेसाठी. एक हात सतत थ्रॉटलवर आणि नजर एका लाटेवर नाही, तिच्या मागच्या दुसऱ्या-तिसऱ्या लाटेवर. शेवटचा फेस मागे पडल्यावरही थोडं अंतर सरळच जा. बाहेरच्या दांड्यावर मोठी लाट कधी कधी नेहमीच्या जागेच्या बरीच पलीकडे फुटते.

मध्येच समोर मोठी लाट दिसली तर वळून परत यावं का?

वळू नका. वळताना होडी काही क्षण लाटेला आडवी होते, आणि आडव्या होडीला फुटणारी लाट सहज पालथी करते. लाटा फुटतात त्या पट्ट्यात शिरलात की नाळ लाटेला देऊन पुढेच जायचं. परत फिरण्याचा निर्णय त्या पट्ट्याच्या अलीकडे घ्यायचा असतो, तिथे तो कितीही वेळा घ्यावा. जेमतेम जमेल असं वाटत असेल तर जमणार नाही असंच धरा.

इंजिन मुखातच बंद पडलं तर?

नांगर टाका. आधी नांगर, मग इंजिन. होडी आडवी होण्याआधी नाळेवरून नांगर गेला पाहिजे, दोर भरपूर सोडा, पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट. मागच्या बाजूने कधीही नाही, तिथून लाट थेट आत येते.

हे मी शिकलो ते एका फसलेल्या फेरीतून. दुसऱ्या मोठ्या लाटेवर होडी जोरात आपटली, आणि इंजिनाने दोन ठोके खाऊन दम सोडला. हेलकाव्यांनी टाकीच्या तळाचा गाळ ढवळला होता आणि फिल्टर चोंदला होता. हे आम्हाला नंतर कळलं. नांगर होडीतच होता, पण जाळ्याच्या ढिगाखाली. आम्ही दोघं ओली जाळी उपसत होतो आणि होडी हळूहळू आडवी फिरत होती. एक लाट काठावरून आत आली, पाणी गुडघ्यापर्यंत. माझ्या जोडीदाराच्या बोटांना नांगराची कडी लागली तेव्हा पुढची लाट उभी राहिलेली दिसत होती. नांगराने धरलं, नाळ वळली, लाट दुभागून गेली. त्या दिवसापासून नांगर नाळेवर, दोर नीट गुंडाळलेला, वर काहीही नाही. आणि टाकीचा तळ व फिल्टर ठरलेल्या दिवशी साफ होतो. इंजिन शांत पाण्यात नीट चालतं, म्हणजे टाकी स्वच्छ आहे असं होत नाही. तळाचा गाळ वर येतो तो लाटांतच.

परत येणं सोपं असतं ना? लाट तर आपल्याच दिशेला जाते.

मला विचाराल तर परत येणं जास्त अवघड. पहिली गोष्ट, बाहेरून तुम्हाला लाटांच्या पाठी दिसतात, फुटणारी तोंडं दिसत नाहीत. पाठ गुळगुळीत असते, त्यामुळे मुख आहे त्यापेक्षा मऊ वाटतं. दुसरी गोष्ट, माणूस थकलेला असतो, होडी भरलेली असते आणि मासळी उतरवायची घाई असते. म्हणून परतीची वेळ निघतानाच ठरवा, तीही चढत्या पाण्याची. उशीर झाला तर बाहेर खोल पाण्यात थांबायचं.

आत येताना बाहेर थांबून पुन्हा घोळके मोजा. शेवटची मोठी लाट जाऊ द्या आणि तिच्या पाठीवर बसून आत या, माथ्याच्या जरा मागे, तिच्याच वेगाने. पुढे गेलात, माथा ओलांडून उतारावर घसरलात, की नाळ खाली रुतते आणि होडी आडवी फिरते किंवा कोलांटी खाते. मागे पडलात तर पाठची लाट तुमच्या डोक्यावर फुटते. थोडं वजन मागे घ्या म्हणजे नाळ हलकी राहील. सुकाणूवर बारीक हात हवा. होडी फिरायला लागली की लगेच सावरायचं, फिरल्यावर नाही.

माझी होडी संथ आहे, लाटेच्या वेगाने पळत नाही. मग?

उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. दोन मीटर पाण्यात ती ताशी साधारण 16 किलोमीटरने, म्हणजे साडेआठ नॉटने धावते, तीन मीटर पाण्यात साडेदहा नॉटच्या आसपास. सहा नॉटच्या होडीला ती गाठता येत नाही, तेव्हा पाठीवर बसण्याचा प्रयत्नच करू नका. मागची बाजू लाटेला अगदी काटकोनात ठेवा, वेग कमी करा आणि प्रत्येक लाट खालून जाऊ द्या. मागून लांब जाड दोराचा फास किंवा पाण्यात फुगणारी कापडी पिशवी ओढली तर ती होडीला मागून धरून ठेवते आणि आडवी फिरू देत नाही. मात्र तो दोर पंख्यापासून लांब राहील अशा बेताने बांधा. खरं सांगायचं तर संथ होडीने लाटा फुटत असताना आत यायचंच नाही. तिच्यासाठी भरतीची वाट पाहणं हाच मार्ग.

जीपीएसवर गेल्या महिन्याची वाट नोंदवलेली आहे. तिच्यावरून जाऊ का?

वाट जागा बदलते. एक पूर किंवा एक वादळ पुरतं, आणि जिथे तीन मीटर पाणी होतं तिथे वाळू बसते. नकाशाचंही तेच. जुन्या नोंदीवरून सुरुवात कुठे पाहायची ते कळेल, पण निर्णय डोळ्यांनी आणि खोली मोजणाऱ्या यंत्राने घ्या. बोये असतील तर त्यांचे रंग ओळखा. जगात दोन पद्धती आहेत. समुद्रातून आत येताना युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आशियाच्या बहुतेक भागात लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपाइन्समध्ये उजव्या हाताला. अरुंद वाटेत समोरून होडी आली तर दोघांनीही आपल्या उजव्या कडेने जायचं.

रात्री किंवा धुक्यात?

अनोळखी मुखात कधीच नाही. ओळखीच्या मुखातही लाटा फुटत असतील तर नाही. रात्री लाट दिसत नाही, फक्त ऐकू येते, आणि ऐकू येईपर्यंत ती जवळ आलेली असते. समोर खाली आलेला सूर्य असेल तरी फेस दिसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

होडी उलटलीच तर?

होडी सोडू नका. पालथी होडी तरंगते आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा कितीतरी लवकर दिसते. आधी माणसं मोजा, नावाने हाका मारा. जाळ्यापासून आणि दोरांपासून लांब राहा. कमरेला म्यानातली सुरी असावी ती यासाठीच. ओहोटी चालू असेल तर प्रवाह तुम्हाला बाहेर नेईल, त्याच्याविरुद्ध पोहून दमू नका. मदतीचं साहित्य होडीत ठेवलं तर ते होडीबरोबर पालथं होतं, म्हणून हाताचा वायरलेस आणि फोन पाण्याने न भिजणाऱ्या पिशवीत, अंगाला बांधलेले हवेत. वायरलेसवर चॅनेल 16, "मेडे" ही संकटाची हाक तीनदा, मग होडीचं नाव, जागा, माणसं किती. दिवसा नारिंगी धूर, रात्री लाल मशाल.

निघण्याआधी किनाऱ्यावर एका माणसाला सांगून जा: कुठून बाहेर पडतोय, किती जण आहोत, किती वाजता आत येणार, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर फोन करायचा. आत आल्यावर त्याला कळवायला विसरू नका, नाहीतर तो विनाकारण लोकांना समुद्रात पाठवेल.

बाकीच्या होड्या गेल्या, आम्हीच थांबलो, असं झालं तर?

होतं तसं, आणि ते जड जातं. धक्क्यावर उभं राहून दुसऱ्यांच्या होड्या लहान होत जाताना पाहणं कुणालाच आवडत नाही. पण त्यांची होडी वेगळी, इंजिन वेगळं, भरलेलं वजन वेगळं, आणि ते उसंतीत गेले असतील. तुम्ही निघाल तोपर्यंत पाणी अर्धा तास उतरलेलं असेल. होडीवरच्या प्रत्येकाला, अगदी नव्या खलाशालाही, "आज नको" म्हणायची मुभा असली पाहिजे, आणि त्याने तसं म्हटलं तर त्यावर वाद घालायचा नाही. आमच्याकडे तांडेल ते ऐकतो आणि आम्ही होडी परत बांधतो. पुढची भरती बारा तास पंचवीस मिनिटांनी येते.